गृहस्थाचा जमाखर्च : वडिलांच्या घरचे भाडे आणि चिरंजीवांचा प्राप्तिकर

संक्रांत जवळ आली की नोकरदार माणसाच्या घरी एक ठराविक दृश्य दिसू लागते. वर्षाच्या बचतीचे कागद अमुक तारखेच्या आत सादर करावे, असे कचेरीतून फर्मान सुटते आणि मग विम्याच्या पावत्यांसाठी कपाटे उपसली जातात. अशा वेळी एखादा हितचिंतक सहकारी सल्ला देतो, 'अहो, घर वडिलांच्या नावावर आहे ना? मग त्यांची भाड्याची पावती जोडा!' संध्याकाळी चिरंजीव कागद पुढे करतात, 'नाना, येथे सही करा.' नाना चष्मा पुसत विचारतात, 'पण तू मला भाडे दिलेस केव्हा?' महालातील वाड्यात काय किंवा धरमपेठेतील बंगल्यात काय, हा प्रश्न जेथे विचारला जातो ते घर भाग्यवान समजावे.

एकत्र कुटुंबात पुष्कळांची अशी समजूत असते की, पगार घरात येतो तेव्हा तो सर्वांचाच. मग कर एकट्याच्या माथी का? या समजुतीला एके काळी कायद्याचाही आधार होता. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने एका आय. सी. एस. अधिकाऱ्याच्या बाबतीत निर्णय दिला की, त्याचे शिक्षण कुटुंबाच्या पैशातून झाले असल्यामुळे त्याची कमाईही कुटुंबाचीच होय. सुशिक्षितांना हा निर्णय जाचक वाटला. पुढे बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या प्रयत्नाने १९३० साली हिंदू विद्याधन कायदा झाला आणि शिक्षण कोणाच्याही पैशाने झालेले असो, विद्येच्या बळावर मिळविलेले धन मिळविणाऱ्याचेच, असे ठरले. जे स्वातंत्र्य आपल्या आजोबा-पणजोबांनी मागून घेतले, त्याची दुसरी बाजू अशी की, पगार ज्याचा, त्यावरील करही त्याचाच. अविभक्त कुटुंबाच्या नावे वेगळा हिशेब असला तरी पगार त्यात वळविता येत नाही. पत्नीच्या नावे पैसे ठेवले तरी त्यावरील व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. सूनबाई नोकरी करीत असतील तर त्यांचा पगार व त्यावरील करही त्यांचाच.

आता भाड्याकडे वळू. घर वडिलांच्या स्वतःच्या मालकीचे असेल आणि मुलगा दरमहा खरोखर भाडे देत असेल, तर त्यास घरभाडे भत्त्यावर सूट मिळते. यात गैर काही नाही. भाडे बँकेमार्फत द्यावे, करारपत्र करावे, भाडे वर्षाला १ लाखाहून अधिक असेल तर वडिलांचा पॅन क्रमांक द्यावा आणि वडिलांनी ती रक्कम आपल्या उत्पन्नात दाखवावी. त्यांना त्यातून घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के सूट मिळते. मात्र एक गोष्ट आधीच जाणून असावी. दिलेले भाडे वडिलांचे झाले; ते त्यांनी धाकट्याच्या शिक्षणाला लावले किंवा लेकीला दिले, तरी थोरल्याने हिशेब मागू नये. ज्यास हे मान्य नसेल त्याने पावतीच्या वाटेस जाऊ नये.

परंतु या खटाटोपाची मुळात गरज आहे काय, हे अंकांनी पाहू. घरभाडे भत्त्याची सूट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. समजा, चिरंजीवांचा वार्षिक पगार १२ लाख. त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ७ लाख २० हजार आणि घरभाडे भत्ता २ लाख १६ हजार. भाडे दरमहा १५ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ८० हजार. त्यातून वेतनाचा दहावा भाग, ७२ हजार, वजा केला की उरतात १ लाख ८ हजार. प्रत्यक्ष भत्ता, नागपुरास लागू असलेला वेतनाच्या ४० टक्क्यांचा आकडा आणि ही रक्कम, यांत जी लहान तीच सूट. तिच्या जोडीला ५० हजारांची प्रमाणित वजावट, दीड लाखाची बचत, वृद्ध आई-वडिलांच्या आरोग्यविम्याचे ५० हजार आणि व्यवसाय कराचे २,५०० रुपये धरले, तरी कर बसतो ८३,६१६ रुपये. याच गृहस्थांनी नवी पद्धत पत्करली तर आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनी त्यांचा कर होतो शून्य! कारण ७५ हजारांच्या वजावटीमुळे १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर त्या पद्धतीत कर पडत नाही. म्हणजे नानांच्या सहीचा सारा प्रपंच व्यर्थच.

पगार १८ लाख असेल तर नव्या पद्धतीत कर होतो १,५०,८०० रुपये. जुनी पद्धत यापेक्षा स्वस्त पडावयाची तर सर्व वजावटी मिळून सुमारे ६ लाख ९२ हजारांच्या वर गेल्या पाहिजेत. गृहकर्जाचे व्याज, भाडे, बचत व विमा हे सर्व खरोखरच भरणाऱ्याला ते साधेल. इतरांनी नवी वाट धरावी. केवळ पगार असणाऱ्यास ही निवड दरवर्षी नव्याने करता येते.

नव्या पद्धतीतही एक सरळ मार्ग उरतो. मालकाने नोकराच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत भरलेली रक्कम मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत करमुक्त धरली जाते. वरील गृहस्थांचे हे वेतन ९ लाख असेल, तर १ लाख २६ हजार त्या खात्यात जाऊन सुमारे २६ हजारांचा कर वाचतो. पगाराची मांडणी तशी करण्यास कचेरीची संमती मात्र हवी; आणि हा पैसा म्हातारपणासाठी अडकतो, हे विसरू नये.

राहता राहिली खोटी पावती. उत्पन्न खोटेपणाने लपविल्यास बुडविलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. देशभरातील प्राप्तिकर अधिकारी आपल्याच गावी, छिंदवाडा मार्गावरील राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत, शिकून तयार होतात. त्यांना हा वडील-मुलाचा भाडेपट्टा नवीन नाही. पण दंडाहून मोठे नुकसान घरातच होते. ज्या पित्याने जन्मभर सचोटी शिकविली, त्याचीच सही खोट्या कागदावर घेणे कोणत्या वजावटीत बसते?

तेव्हा या महिन्यात एक संध्याकाळ काढून दोन्ही पद्धतींचा हिशेब कागदावर मांडावा आणि तो घरातील वडीलधाऱ्यांसमोर वाचून दाखवावा. जो हिशेब मोठ्याने वाचता येतो, तो बहुधा खराही असतो.