पुढची हवा, मागचं ओझं

जुनी गाडी दिसली की मेकॅनिकलच्या पोरांचे हात शिवशिवतात. सध्या टूम आहे एअर सस्पेन्शनची. बटण दाबलं की गाडी जमिनीला टेकते, पुन्हा दाबलं की उठते. आमच्या ग्रुपलाही फायनल इयरला हाच प्रोजेक्ट करायचाय. आणि गाडी कोणाची? सेनगाव तालुक्यातल्या माझ्या मामांची ॲम्बॅसिडर! मामा म्हणतात, "तू इंजिनिअर होणार, तू म्हणशील तसं करू." एवढा विश्वास टाकलाय म्हणूनच मी 'नको' म्हणतोय. का, ते सांगतो.

एअर सस्पेन्शन वाईट नाही. शिवनेरीच्या व्हॉल्वोत बसलेल्याला ते वेगळं सांगायला नको. स्टीलच्या स्प्रिंगचा ताठपणा ठरलेला. ओझं वाढलं की गाडी बसते. रबरी फुग्यात मात्र हवा कमी-जास्त करून उंची तीच ठेवता येते. रिकाम्या आणि भरलेल्या बसच्या वजनात काही टनांचा फरक, म्हणून तिथे तो खर्च वसूल होतो.

पण कारमध्ये काय? पुढे इंजिन, ते जागचं हलत नाही. हळदीचं पोतं डिकीत आणि वऱ्हाड मागच्या सीटवर! म्हणजे ओझ्याचा चढउतार बराचसा मागच्या पाट्यांवर. मग फुगे पुढे बसवून आपण कोणता प्रश्न सोडवतोय राव?

दुसरं असं, ॲम्बॅसिडरला पुढे कॉइल स्प्रिंग नाहीच. तिथे टॉर्शन बार आहे, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी लांब सळई. पद्मिनीत निदान कॉइलची जागा तरी मिळते. इथे फुग्यासाठी नवा ब्रॅकेट वेल्ड करावा लागणार. साधा हिशोब करा. समजा चाकावर ३०० किलो आणि फुगा आर्मच्या मध्यावर, म्हणजे फुग्यावर ६०० किलो. फुग्याचा व्यास १५ सेंमी धरला तर दाब येतो सुमारे ४८ पीएसआय. तेवढा कॉम्प्रेसर सहज देईल. पण तेच ६०० किलो वरच्या ब्रॅकेटलाही ढकलणार, आणि खड्ड्यात त्याहून जास्त! मूळ डिझाइनमध्ये त्या जागी हे ओझं नव्हतंच.

बरं, हे कंपन्यांनाही सोपं गेलेलं नाही. कॅडिलॅकने १९५७ च्या एल्डोराडो ब्रोहॅमला एअर सस्पेन्शन दिलं होतं. गळतीला कंटाळून पुष्कळ मालकांनी पुन्हा कॉइल स्प्रिंग बसवून घेतल्या.

कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल सांगतो, कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालणार नाही. २०२१ च्या व्हिंटेज नियमांनाही पन्नाशी ओलांडलेली गाडी मूळ रूपातच लागते.

मग प्रोजेक्टचं काय? वर्कशॉपात लोखंडी फ्रेमवर एक आर्म, एक फुगा, एक प्रेशर गेज लावा. भोवती जाळी बसवा. वजनं वाढवा, रीडिंग घ्या, ग्राफ काढा. शिकायचं ते सगळं तिथे मिळेल. गाडीला मात्र नवे रबर बुश, चांगले शॉक ॲब्सॉर्बर आणि व्हील अलाइनमेंट एवढं करून द्या. तिच्यात माणसं बसतात, मार्क्स नाही.

पटत नसेल तर कॅल्क्युलेटर घेऊन या, वाद घालू!