सहज चक्कर मारली

पुण्यातल्या घरमालकाला दोन वास हमखास येतात: भाडेकरूच्या स्वयंपाकघरातल्या सुक्या बोंबलाचा आणि त्याच्याकडे उतरलेल्या पाहुण्याचा. ओल लागलेल्या भिंतीचा वास मात्र त्याला कधीच येत नाही. भिंत त्याची, ओल त्याची, वरच्या मजल्यावरचं गळकं बाथरूमही पुष्कळदा त्याच्याच मेव्हण्याचं. पण त्या कोपऱ्यात गेलं की नाक संपावर जातं. डोळ्यांचंही तसंच. हॉलच्या भिंतीत ठोकलेला नवा खिळा त्याला दारातूनच दिसतो. त्या खिळ्याच्या वीतभर वर छताचा पोपडा लोंबत असतो, तो दिसत नाही.

मी पुण्यात भाड्याच्या घरात राहतो आणि नाशिकचा माझा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी सकाळी शोषित असतो आणि दुपारी शोषक. अशा माणसाने दोन्ही बाजू समतोलपणे मांडाव्यात, अशी अपेक्षा असते. मांडणार नाही. आमच्या मालकवर्गाला घर तपासता येत नाही. आम्ही माणसं तपासतो, आणि त्यालाच 'घरावर लक्ष ठेवणं' म्हणतो.

या तपासणीचा विधी बघा. रविवारची दुपार. तुम्ही जेवून आडवे झालेले. बेल वाजते आणि दारात काका. "काही नाही हो, सहज चक्कर मारली." निगडीहून सिंहगड रस्त्याला सहज कोण येतं? त्या रस्त्याला लोक नाइलाजानेही येत नाहीत. पण काका आलेले असतात, काकूंनाही आणलेलं असतं, कारण हॉल-बेडरूम हा काकांचा इलाखा आणि स्वयंपाकघर काकूंचा. काका दाराबाहेरच्या चपलांची शिरगणती करतात. करारात माणसं चार आणि चपला सहा जोड! काकू "पाणी माझं मी घेते हं" म्हणत थेट फ्रिज उघडतात. अंडी दिसतात. त्यावर त्या बोलत काहीच नाहीत. फ्रिजचं दार तेवढं जरा जास्तच हळू लावतात. मग गॅलरी, वाळत घातलेले कपडे आणि वाळून गेलेली तुळस. "अगंबाई, आमची तुळस!" मग आवाज खाली आणून: "परवा रात्री साडेदहाला आले होते ते कोण?" वॉचमनचं गुप्तवार्ता खातं असं तत्पर असतं. लिफ्ट बंद पडल्याचं मात्र त्याच वॉचमनला दोन दिवसांनी कळतं.

शेवटी तुम्ही धीर करून म्हणता, "काका, ती बेडरूमची भिंत..." काका भिंतीपाशी जातात. डॉक्टरने नाडी पाहावी तसा तळहात टेकवतात. निदान होतं: "हे पावसाळ्यात सगळ्यांकडेच होतं." महिना एप्रिलचा असतो.

आता कोणी म्हणेल, मालकाने आपलं घर बघायचंच नाही की काय? अहो, बघायचंच आहे! तो त्याचा कायदेशीर हक्क आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचं कलम २८ नेमकं हेच सांगतं: भाड्याने किंवा लायसन्सवर दिलेली जागा मालकाला तपासता येते. अटी दोनच. आधी कळवायचं आणि वाजवी वेळी जायचं. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ला जो आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात तर हे आणखी सोपं करून सांगितलंय: २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना द्या, कारण सांगा, सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर जाऊ नका. राज्याने स्वीकारला तरच तो कायदा बंधनकारक, हे खरं. पण शहाणपणाला राजपत्राची वाट कशाला बघायची? काकांना रोज पहाटे गुलाबाचं फूल आणि सुविचार व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला जमतं. 'शनिवारी पाच वाजता प्लंबर घेऊन येतो' एवढं टाइप करायला मात्र बोटं दुखतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने सांगितलं. नऊपैकी एकाकडेही काकांची डुप्लिकेट किल्ली नव्हती, हा त्या निकालातला कच्चा दुवा.

बरं, कायद्याशी काकांचं नातं मुळातच श्रद्धेचं. अकरा महिन्यांचा करार घ्या. १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून कोण्या चतुर पूर्वजाने अकरा महिन्यांची पळवाट काढली. महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ने ती बुजवून टाकली. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची, चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर आणखी, करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच खरं धरायचं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. तरीही अकरा महिने चालूच! विचारा का, तर "तशी पद्धत आहे." आणि त्या करारात शेवटी वस्तूंची यादी असते: पंखे ४, ट्यूबलाइट ६, गीझर १. पंखे किती ते लिहिलेलं असतं, फिरतात का ते नसतं. गीझर आहे, त्याला अर्थिंग आहे का, हा प्रश्न यादीच्या कक्षेबाहेरचा. आमची तपासणी म्हणजे मोजणी. ढेकूण असते तर तेही मोजून परत मागितले असते.

तर महाराज, घर तपासायचं असेल तर मेन स्विचपासून सुरू करा. तिथे आरसीसीबी असतो, त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. दाबा. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर, ओल्या हाताने गीझरला शिवलेला माणूस वाचवण्याची तुमच्या घराची क्षमता आहे शून्य. आरसीसीबीच नसेल तर विषयच संपला. आधी इलेक्ट्रिशियनला फोन करा, मग अंड्यांची चौकशी. बाथरूममध्ये गॅस गीझर लावलाय? वर 'थंडी येते' म्हणून झरोक्याला प्लायवूडही तुम्हीच ठोकलंय? मग तिथे कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. आत कोंडलेला माणूस बेशुद्ध पडेपर्यंत त्याला काही कळतही नाही. ते प्लायवूड आजच काढा, आणि गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर. स्वयंपाकघरात वाकून शेगडीची नळी बघा. सुरक्षा होजचं आयुष्य पाच वर्षांचं असतं आणि तारीख नळीवरच छापलेली असते. काकू ओट्याशी एवढ्या रेंगाळतात, तेवढ्यात ती वाचून होईल.

मग ओल. ओल हे शास्त्र आहे, आणि त्याचं पहिलं सूत्र पोरालाही कळेल. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये उमटते ती ओल बहुधा बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येते. भर उन्हाळ्यातही हटत नाही, ती पाइपातून किंवा वरच्या बाथरूमच्या फरशीतून. म्हणजे घर बघायला यायचा मोसम मुसळधार पावसाचा आणि मग एकदा मे महिन्याचा. आमचे मालक येतात दिवाळीच्या तोंडावर, भिंती सुकल्यावर. आणि ओलीवर उपाय काय? रंग! गळती आत तशीच, वर डिस्टेंपरचा हात. पुढच्या जूनमध्ये पोपडे आले की म्हणायचं, "तुम्ही खिडक्या उघड्या ठेवत नाही."

नहाणीच्या जाळीवर बादलीभर पाणी ओता आणि बघत उभे राहा. सिंकखाली हात घाला. खिडकीच्या ग्रिलचे बोल्ट गंजलेत का बघा. लहान मूल त्या ग्रिलला लोंबकळतं. सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट केलंय का, हे सभेत विचारा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. सभेला तुम्ही जात नाही. भाडेकरूला तिथे बसू देत नाही. मग इमारतीची काळजी करायची कोणी? त्या वाळलेल्या तुळशीने?

आणि सगळ्यात स्वस्त उपकरण तर तुम्ही वापरतच नाही. ते म्हणजे भाडेकरू. हा मनुष्य तुमच्या घरात बारा महिने चोवीस तास राहतो. कोणता नळ रात्री ठिबकतो, कोणता बोर्ड गरम होतो, पाऊस कोणत्या कोपऱ्यातून शिरतो, हे त्याला पाठ असतं. असा निरीक्षक, फुकट नव्हे, वर तुम्हालाच पैसे देतो! त्याला एक प्रश्न विचारायचा: "काही त्रास?" हा प्रश्न मी माझ्या मालकाकडून आजतागायत ऐकलेला नाही. कारण उघड आहे. विचारलं तर उत्तर येईल, आणि उत्तराला खर्च येईल.

खर्चावरून आठवलं. आयकर कायदा घरभाड्याच्या उत्पन्नातून, नगरपालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेवर, ३० टक्के सरसकट वजावट देतो. ती दुरुस्ती-देखभालीपोटीच आहे, आणि प्रत्यक्षात रुपया खर्च केला की नाही, हे कोणी विचारत नाही. काका दरवर्षी ती वजावट इमानेइतबारे घेतात. मग भाडेकरू घर सोडतो तेव्हा 'पेंटिंगचे' म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापतात. एकच भिंत, एकदा सरकारकडून वसूल, एकदा भाडेकरूकडून, आणि रंग तरीही नाहीच. वास्तविक तो आदर्श कायदा भिंतींचा रंग, पाइप आणि वायरिंग मालकाच्या गळ्यात घालतो. नळाचे वॉशर, स्विच, कड्याकोयंडे भाडेकरूच्या. त्याच यादीत बाथटबची दुरुस्तीही भाडेकरूकडे दिलीय. आमच्या वन बीएचकेतला बाथटब नादुरुस्त झालाच, तर मी नक्की करून घेईन.

याच काकांचा मुलगा म्युनिकला भाड्याने राहतो. काका कौतुकाने सांगतात, "तिकडे मालकाला असं घरात घुसता येत नाही हो. ठोस कारण लागतं." खरं आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१४ साली सांगूनच टाकलं की नुसतं 'बघायला' म्हणून अधूनमधून यायचा मालकाला हक्क नाही. "काय शिस्त!" असं म्हणत काका माझ्या बेडरूमचं कपाट उघडून बघत होते.

काका सुधारणार नाहीत. तेव्हा भाडेकरू वाचकहो, तुम्ही एवढं करा. किल्ली हातात पडेल त्या दिवशी, सामान आत यायच्या आधी, फोनवर पूर्ण घराचा व्हिडिओ काढा. प्रत्येक नळ सोडून, प्रत्येक स्विच दाबून, प्रत्येक डाग जवळून. तो मालकाला लगेच पाठवा. तारीख आपोआप पडते. सोडतानाही तसंच. आगंतुक भेट झाली की संध्याकाळी दोन ओळी लिहा: 'आज आलात, भिंतीची ओल दाखवली, दुरुस्ती कधी?' मालकाला राग येईल. येऊ द्या. आणि पुढच्या वेळी काकू पाणी प्यायला निघाल्या, की फ्रिजच्या आधी त्यांना ती गॅसची नळी दाखवा.