जाळीचा धंदा : भोकापेक्षा फट मोठी

पावसाळा तोंडावर आला की डासांच्या जाळीची मागणी वाढते. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनविणारे, सुतार, शिंपी व हार्डवेअरचे दुकानदार यांच्या हाताला काम मिळते. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे याच कामांवर उभी आहेत. परंतु दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाला विचारावे, तर "जाळी लावली, पण डास होते तितकेच आहेत," हेच उत्तर बहुधा ऐकू येते. असे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही व शेजाऱ्यालाही पाठवीत नाही. आमचे स्पष्ट मत असे की, यात दोष सहसा जाळीचा नसून बसवणुकीचा असतो. जो कारागीर बसवणूक सुधारील, त्याला हे काम चार महिन्यांऐवजी बारा महिने मिळेल.

साधा हिशोब करून पाहा. खिडकी चार फूट रुंद आहे. चौकटीखाली दोन सूत, म्हणजे पाव इंच फट राहिली. चार फुटांचे अठ्ठेचाळीस इंच, त्याला पाव इंचाने गुणले तर बारा चौरस इंच होतात. म्हणजे जाळीला चार इंच लांब व तीन इंच रुंद भगदाड पाडल्यासारखेच झाले! जाळी कितीही महाग असो, डास त्या फटीतून आत येणारच. म्हणून जाळीच्या भोकाची चर्चा करण्याआधी कडेची फट रबराने किंवा लोकरी पट्टीने बंद झाली पाहिजे.

नीट बसविलेली जाळी काय करू शकते याचा पुरावा जुना आहे. १९०० साली डॉ. सॅम्बन व डॉ. लो हे दोघे लंडनहून इटलीत आले आणि रोमजवळच्या ऑस्टिया येथे राहिले. तो भाग हिवतापासाठी बदनाम होता. त्यांनी दारे-खिडक्यांना तारेची जाळी लावलेल्या लाकडी घरात मुक्काम केला. सूर्यास्तापूर्वी घरात जायचे व सूर्य उगवल्यावर बाहेर पडायचे, हा त्यांचा नेम होता. क्विनाईन न घेताही त्यांना हिवताप झाला नाही. तेथे औषध नव्हते, फवारणी नव्हती. जाळी आणि चोख सुतारकाम एवढेच होते.

आता जाळीच्या निवडीकडे वळू. घरगुती डासांसाठी इंचाला १८ बाय १६ धाग्यांची जाळी सर्वसाधारणपणे पुरते. तिचे भोक सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते आणि सुमारे दोन तृतीयांश जागा हवेसाठी मोकळी राहते. त्याहून बारीक जाळी "जास्त चांगली" म्हणून गळ्यात मारू नये. भोक लहान झाले की वारा अडतो, खोली उकडते आणि गिऱ्हाईक वैतागून जाळी काढून टाकते. बारीक जाळीची गरज वेगळीच आहे. रोपवाटिकेत पांढरी माशी अडवायची तर ४० ते ५० मेशची जाळी लागते. समुद्रकाठी लोखंडी तार लवकर गंजते. तेथे फायबर ग्लास किंवा चांगले स्टेनलेस स्टील द्यावे. उंदीर-घुशींचा उपद्रव असलेल्या तळमजल्यावर मात्र धातूचीच जाळी टिकते.

दुसरी मोठी चूक म्हणजे जाळी कायमची ठोकून टाकणे. भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस घर बदलतो, जाळीवर धूळ व चुलीची काजळी बसते, लग्नकार्यात खिडकी उघडावी लागते. म्हणून काढता-घालता येईल अशीच रचना हवी : वेल्क्रोच्या पट्टीवर चिकटणारी, चुंबकाच्या पट्टीने बसणारी किंवा खाचेत सरकणारी. आग लागली तर आतून हाताने एका झटक्यात निघेल, हेही पाहिलेच पाहिजे.

ही मागणी कायद्यातही आहे. अन्न परवान्यासंबंधीच्या २०११ च्या केंद्रीय नियमांतील चौथ्या परिशिष्टात खाद्यपदार्थांच्या जागेच्या दारा-खिडक्यांना कीटक अडविणारी जाळी असावी आणि ती सफाईसाठी सहज काढता यावी, असे म्हटले आहे. बेकरी, मिठाईचे दुकान, खानावळ, मटणाचे दुकान या आपल्याच लोकांच्या धंद्यांना अशी जाळी हवी असते. तपासनीस दारात येईपर्यंत कशाला थांबायचे? फॅब्रिकेटरने स्वतः जाऊन माप घ्यावे व काम मिळवावे.

शिंपी बांधवांसाठीही येथे वाव आहे. डेंग्यू पसरविणारा एडीस डास मुख्यत्वे दिवसा चावतो, म्हणून रात्रीची मच्छरदाणी त्याला पुरी पडत नाही. तो घरात साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्त्यांत घरोघरी पिंप असतेच. त्यावरचे पत्र्याचे झाकण वेडेवाकडे झालेले असते. घट्ट इलॅस्टिक घातलेले, पाण्याला न टेकणारे आणि तांब्या घालण्यापुरते एका बाजूने उघडून पुन्हा वेल्क्रोने बंद होणारे जाळीचे आवरण कोणताही शिंपी शिवू शकतो. इलॅस्टिकमुळे थोड्या लहान-मोठ्या पिंपांना ते एकच माप चालते. संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाईपलाही असेच जाळीचे टोपडे लागते. हातावर पोट असलेल्या घरात एक माणूस डेंग्यूने पडला की आठ-पंधरा दिवसांची मजुरी जाते, वर दवाखान्याचा खर्च. त्या मानाने हे आवरण फारच स्वस्त पडेल.

मात्र आवरण विकताना खरे सांगावे. पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासावेच लागते, कारण एडीसची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून महिनोन् महिने जिवंत राहतात. साध्या जाळीला "औषधी जाळी" म्हणून विकणे ही तर सरळ फसवणूक आहे.

कारागिरांना आमचे सांगणे एवढेच. माप खिडकीच्या चारही बाजूंनी घ्या, कारण जुन्या घरांची चौकट काटकोनात नसते. काम झाल्यावर संध्याकाळी आत दिवा लावा, बाहेर उभे राहून कडेने उजेड दिसतो का ते पाहा, आणि दिसला तर ती फट बुजविल्याशिवाय पैसे मागू नका. वर्षातून एकदा जाऊन फाटलेली जाळी बदलून द्या व त्याची वाजवी मजुरी घ्या. फॅब्रिकेटर, सुतार व शिंपी एका मोहल्ल्यात राहून एकमेकांना काम देत नाहीत, ही खंत आहे. तिघांनी मिळून एक नमुना तयार केला व एकाच दुकानात मांडला, तर बाहेरच्या तयार मालापेक्षा आपल्या मापाचा माल लोक नक्कीच पसंत करतील.