यंत्राचे चित्र आणि कर्त्याचे नाव

वाचकहो, संगणकावर चित्रे काढणारी मुलेमुली आता आपल्या पुष्कळ घरांत दिसतात. त्यांचे काम पाहून, "हे तर यंत्राने केले, यात तुझे काय?" असे वडीलधारी मंडळी सहज बोलून जातात. हे बोलणे निरुपद्रवी नाही. कोणाच्या श्रमाखाली कोणाचे नाव लागावयाचे, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. आणि तो साठ वर्षांचा जुना आहे.

१९६५ च्या फेब्रुवारीत जर्मनीतील स्टुटगार्ट येथे गेओर्ग नेस यांची, व एप्रिलात न्यूयॉर्क येथे मायकेल नोल व बेला युलेस यांची संगणकचित्रे लोकांसमोर मांडली गेली. नोल हे बेल प्रयोगशाळेतील अभियंते. आपल्या एका चित्राची स्वामित्वहक्कासाठी नोंदणी व्हावी म्हणून त्यांनी अर्ज केला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो फेटाळला. कारण काय, तर चित्र यंत्राने केले! नोल यांनी कळविले की, यंत्र ज्या आज्ञावलीप्रमाणे चालले ती माणसाने लिहिलेली आहे. त्यावर दुसरा आक्षेप निघाला: चित्रात यदृच्छेने आलेले आकडे आहेत. उत्तर गेले की, ते आकडे दिसावयास यदृच्छ असले तरी ते देणारी रीत ठरलेली असून तीही माणसानेच रचलेली आहे. अखेर नोंदणी झाली. इतका स्वच्छ युक्तिवाद आम्हां वकिलांनाही नेहमी साधत नाही.

याच नोल यांनी मोंद्रियान या थोर चित्रकाराचे १९१७ चे एक रेषाचित्र व त्या धर्तीचे संगणकचित्र शंभर जणांपुढे ठेवले. संगणकाचे कोणते, हे केवळ २८ जणांनी अचूक ओळखले. ५९ जणांना तेच अधिक आवडले. पुढे पॅरिसमध्ये वेरा मोल्नार यांनी १९६८ पासून संगणक हाती धरला, आणि हॅरल्ड कोहेन यांनी 'आरोन' नामक आज्ञावलीस रेखाटनाचे नियम शिकविण्यात हयात घालविली. या सर्वांनी नियम स्वतः रचले, म्हणून ते कर्ते. आज एक वाक्य लिहून तयार चित्र मागविणाऱ्याचा दावा मला तितका बळकट वाटत नाही. यंत्रालाच एकमेव कर्ता मानण्याची मागणी अमेरिकेच्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये फेटाळली, ते योग्यच झाले.

आपल्याकडे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन, संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती, असे ठरले. परंतु कर्ता आणि मालक हे दोन शब्द वेगळे आहेत, हे आपण ध्यानी घ्यावे. आपली मुलगी एखाद्या छापखान्यात पगारावर संकल्पचित्रे करीत असेल, तर वेगळा करार नसल्यास कलम १७ अन्वये त्या कामाची पहिली मालकी मालकाकडे जाते. तथापि कलम ५७ अन्वये, हक्क विकल्यानंतरही, 'ही कृती माझी' असे म्हणण्याचा तिचा अधिकार शिल्लक उरतो. हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण पुरावा हवाच. यास्तव कच्ची रेखाटने व संगणकातील मूळ प्रती तारखांसह जपून ठेवावयास तिला सांगा, आणि नोकरीच्या करारपत्रावर सही करण्यापूर्वी ते तिच्यासह आपणही एकवार वाचा.