नायजेरियाला निघण्याआधी
नायजेरियात किंवा केनियात नोकरी लागली, की घरात बॅगा, शाळेचे दाखले, लोणच्याच्या बरण्या यांची धांदल उडते. पीतज्वराची लस मात्र शेवटच्या आठवड्यात आठवते. तिचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर 10 दिवसांनी ग्राह्य ठरते, तेही सरकारमान्य केंद्राचेच. 2016 पासून ते जन्मभर चालते, एवढा दिलासा. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस सहसा देत नाहीत. गर्भवतीने आणि साठीपुढच्या आजी-आजोबांनी आधी डॉक्टरांना विचारावे. परतताना प्रमाणपत्र नसेल, तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. जाच वाटेल, पण हा रोग पसरवणारा डास आपल्याकडे मुबलक आहे. विषाणू तेवढा अजून आलेला नाही. मात्र एका सुईसाठी गावाकडच्या कुटुंबाला मोठे शहर गाठावे लागते. केंद्रे वाढवण्याचे सरकारने आता मनावर घ्यावे.