मेंदूच्या टॉनिकचे मृगजळ

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला रुग्ण घरी परततो. एक हात लुळा, जीभ जड. ‘व्यायाम करत राहा, वेळ लागेल,’ असे डॉक्टर सांगतात. त्या उत्तराने नातेवाइकांचे समाधान होत नाही. मग कोणी ‘मेंदूच्या पेशी वाढवणारी’ इंजेक्शने सुचवतो, कोणी ‘मेंदूतील ग्रोथ फॅक्टर वाढवा’ अशी गोळ्यांची जाहिरात मोबाइलवर पाठवतो आणि आधीच फुगलेल्या बिलात आणखी भर पडते. यामागची समजूत सरळ असते. पिकाला जसे खत, तसे मेंदूला ग्रोथ फॅक्टर. घातले की वाढ होणार. ही समजूत नेमकी कोठे फसते, हे पाहायचे तर मेंदूतील पेशीच्या दारापर्यंत जावे लागते. ते दार कॅल्शियमचे आहे.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे वृद्धिघटक. पेशींनी वाढावे, तगावे, फांद्या फोडाव्यात असा निरोप देणारी ही प्रथिने. मज्जापेशींच्या बाबतीत त्यांचा शोध लागला तो रिटा लेव्ही-माँटालचिनी यांच्यामुळे. इटलीत १९३८ मध्ये मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठांची दारे बंद केली, तेव्हा या तरुण डॉक्टर बाईंनी घरातल्या निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर काम सुरू ठेवले. युद्धानंतर त्या अमेरिकेत गेल्या. उंदराच्या एका गाठीतून काही तरी पाझरते आणि त्याने मज्जातंतू भराभर वाढतात, हे त्यांनी दाखवले. स्टॅन्ली कोहेन यांनी तो पदार्थ वेगळा केला. ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ या शोधाची वाट वृद्धिघटकांच्या मोठ्या कुटुंबाकडे गेली आणि दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले. त्याआधी, १९८२ मध्ये, इव्ह-अलेन बार्ड आणि हान्स थोनेन यांनी डुकराच्या मेंदूतून या कुटुंबातला दुसरा महत्त्वाचा घटक वेगळा केला होता. तोच आज जाहिरातींत मिरवणारा ‘बीडीएनएफ’.

आता कॅल्शियमकडे वळू. हाडांतले कॅल्शियम सर्वांच्या परिचयाचे. मेंदूत मात्र ते निरोप्याचे काम करते. पेशीच्या बाहेर ते जितके दाट असते, त्याच्या सुमारे दहा हजारावा भागच विश्रांतीत असलेल्या पेशीच्या आत मोकळा असतो. धरणाच्या भिंतीला टेकलेल्या पाण्यासारखी ही स्थिती. भिंतीत बारीक दरवाजे असतात, त्यांना कॅल्शियम चॅनेल म्हणतात. विद्युतसंकेत आला की ते क्षणभर उघडतात, थोडे कॅल्शियम आत शिरते आणि पुन्हा मिटतात. तेवढ्यावर पेशी शेजारणीला रसायन सोडते, जोडणी घट्ट करते, प्रसंगी आपली जनुकेही जागी करते. या दरवाजांचे एल, एन, पी/क्यू, आर आणि टी असे प्रकार आहेत. त्यांतला ‘एल’ प्रकार रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही असतो. रक्तदाबासाठी घराघरांत घेतली जाणारी अम्लोडिपिनची गोळी तोच अडवते.

वृद्धिघटक या दरवाजांशी खेळतात. घटक पेशीच्या पृष्ठभागावरील आपल्या ग्राहकाला चिकटतो, आत विकरांची साखळी सुरू होते आणि शेवटी चॅनेलवर फॉस्फेटचा एक तुकडा जोडला जातो. दरवाजा मग त्याच संकेताला अधिक सहज उघडतो. उंदरांच्या लहान मेंदूतील पेशींवर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ‘आयजीएफ-१’ या इन्शुलिनसदृश घटकाने एल आणि एन चॅनेलमधून येणारा प्रवाह वाढवल्याचे दिसले. हा झाला तत्काळ परिणाम. सावकाश होणारा परिणाम वेगळा. काही वृद्धिघटकांच्या दीर्घ सहवासात पेशी असे दरवाजे अधिक संख्येने घडवते.

गोष्ट येथे संपत नाही. एल चॅनेलमधून आत आलेले कॅल्शियम बीडीएनएफचे जनुक चालू करते, हे १९९० च्या दशकात सिद्ध झाले. म्हणजे वृद्धिघटक दरवाजा सैल करतो आणि दरवाजातून आलेले कॅल्शियम नवा वृद्धिघटक तयार करवते. जी पेशी कामात आहे तिलाच पोषण, अशी ही व्यवस्था. वापरातल्या पायवाटेचा रस्ता होतो आणि न वापरलेली गवताखाली जाते, तसेच हे. म्हणूनच कोणता घटक, किती, कोणत्या पेशीपाशी आणि कधी, या चारही प्रश्नांना महत्त्व आहे.

कारण तेच कॅल्शियम जास्त झाले की मारक ठरते. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटतो, ग्लुटामेट हे रसायन बेसुमार सांडते, कॅल्शियमचा लोंढा आत घुसतो आणि पेशी स्वतःच्याच विकरांनी पोखरली जाते. पाणी हवे म्हणून धरणाचे सगळे दरवाजे उचलणारा गावाचे भले करत नाही. मेंदूला वृद्धिघटक ‘भरपूर’ द्या, या सल्ल्यातला धोका हाच आहे.

प्रत्यक्ष अनुभवही सावध करणारा आहे. ‘एएलएस’ या चेतापेशींच्या असाध्य विकारात अकराशेहून अधिक रुग्णांना बीडीएनएफची इंजेक्शने देऊन पाहिली गेली. १९९९ मध्ये हाती आलेला निष्कर्ष निराशेचा होता. स्वीडनमध्ये अल्झायमरच्या मोजक्या रुग्णांच्या मेंदूत नर्व्ह ग्रोथ फॅक्टर थेट सोडला गेला, तेव्हा पाठदुखी आणि वजनघट यांनी रुग्ण हैराण झाले, कारण हा घटक वेदनावाहक तंतूंनाही चेतवतो. मग उलट वाट धरून त्याला अडवणारे औषध सांधेदुखीवर आजमावले. वेदना कमी झाल्या, पण काहींचे सांधे झपाट्याने खराब झाले. २०२१ मध्ये अमेरिकी नियामकाच्या सल्लागार समितीने त्याच्या विरोधात कौल दिला. दरवाजाच बंद करून पाहण्याचा प्रयत्नही झाला. पार्किन्सनच्या ३३६ रुग्णांना एल चॅनेल अडवणारे इस्राडिपिन तीन वर्षे दिले गेले. आजाराची गती मंदावली नाही.

याचा अर्थ हे संशोधन वाया गेले असा मुळीच नाही. समुद्रातल्या शंखगोगलगायीच्या विषापासून बनलेले झिकोनोटाइड फक्त एन चॅनेल अडवते. २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध पाठीच्या कण्यातील द्रवात सोडून असह्य वेदनांवर वापरतात. दरवाजा नेमका ठाऊक, औषध नेमके त्याच्यापाशी पोचवलेले, म्हणून ते चालले. या वाटेने जायला दशके लागतात आणि मूलभूत संशोधनाला पैसा लागतो. विद्यापीठांतील प्रयोगशाळांचा निधी रखडतो, तेव्हा उद्याचा असा एखादा उपचारही रखडतो.

जाहिरातदारांना मात्र वाट पाहायची नसते. डुकराच्या मेंदूतील प्रथिनांपासून बनवलेले, वृद्धिघटकांसारखे काम करते असे सांगितले जाणारे पेप्टाइडचे मिश्रण पक्षाघाताच्या रुग्णांना अनेक देशांत दिले जाते. उपलब्ध चाचण्यांचा धांडोळा घेणाऱ्या कोक्रेनच्या आढाव्याला त्याने मृत्यू टळतात असे आढळले नाही. उलट जिवावर न बेतणारे पण गंभीर दुष्परिणाम वाढत असावेत, अशी शंका त्याने नोंदवली. मूलपेशींच्या उपचारांबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट रेघ ओढली आहे. मान्यताप्राप्त उपयोग वगळता ते फक्त वैद्यकीय चाचणीतच, आणि चाचणीतील रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. ‘मेंदूतील ग्रोथ फॅक्टर वाढवतो’ असा दावा छापणाऱ्या प्रत्येक पुडीला आणि बाटलीलाही पुराव्याची अशीच अट हवी. औषध प्रशासनाने हे दावे तपासावेत आणि पुरावा नसेल तर ते वेष्टनावरून उतरवायला लावावेत.

कुटुंबांनीही काही गोष्टी पक्क्या कराव्यात. कॅल्शियमच्या गोळ्यांनी मेंदूतील हे दरवाजे उघडत नाहीत आणि रक्तदाबाची गोळी ‘मेंदूला अपाय होईल’ या धास्तीने परस्पर थांबवणे घातक आहे. पक्षाघाताची लक्षणे दिसताच साडेचार तासांच्या आत योग्य रुग्णालय गाठले, तर गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची संधी मिळू शकते. नंतरच्या कोणत्याही महागड्या इंजेक्शनाला ती भरून काढता येत नाही. आणि पेशी कामात असेल तरच तिला पोषण मिळते, हा मेंदूचा स्वतःचा नियम असेल, तर लुळ्या हाताकडून रोज करवून घेतलेली हालचाल हीच त्या नियमाला धरून असलेली गोष्ट. फिजिओथेरपीच्या खोलीत पन्नासाव्यांदा पेला उचलू पाहणारा रुग्ण पेशीला नेमक्या जागी, नेमक्या वेळी हाक देत असतो. नातेवाइकांचा पैसा आणि धीर तिथे लागायला हवा.