करमाफी दोन वर्षांची, हप्ता जन्माचा

डिसेंबरमध्ये अब्बांच्या आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाचा मेसेज आला. अब्बा ६७ वर्षांचे, अम्मी ६३ ची. दोघांची मिळून पाच लाखांची पॉलिसी. अब्बांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला आणि मला विचारलं, "बेटा, टीव्हीवर तर टॅक्स माफ झाला म्हणत होते. मग हे काय?"

हिशोब सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही ५९,००० रुपये भरले: ५०,००० हप्ता आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९,०००. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. डिसेंबर २०२५ ला कर गेला, पण हप्ता दहा टक्क्यांनी वाढून ५५,००० झाला. म्हणजे चार हजार वाचले. आता २०२६ ला पुन्हा दहा टक्के वाढले, तर भरायचे ६०,५००. करासकट भरत होतो त्याहून दीड हजार जास्त. दोन नूतनीकरणं, आणि सरकारने दिलेली सूट संपली.

हे बेकायदा नाही, हे लक्षात घ्या. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने सांगितलं की, साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करावी. हेतू चांगला. पण दरसाल दहा टक्के म्हणजे सात वर्षांत जवळपास दुप्पट. अब्बांचं पेन्शन सात वर्षांत दुप्पट होणार आहे का? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, चक्रवाढीचा कोड दोन ओळींत लिहितो. तो दर वर्षी आपल्याच घरात चालतो आहे हे मात्र अब्बांनी विचारेपर्यंत मी बघितलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. कर हे हप्ता वाढण्याचं मूळ कारण नव्हतं, म्हणून कर काढून दुखणं बरं होणार नाही. खाजगी रुग्णालयाच्या बिलाला लगाम नाही आणि धड चालणारं सरकारी रुग्णालय हाकेच्या अंतरावर नाही, म्हणून हप्ता वाढतो. आणि या दोन्ही गोष्टी मागायच्या सोडून आपण, वसई-विरारचे शिकलेले मुसलमान तरुण, सोयीच्या समजुती कवटाळून बसलो आहोत.

आधी लगामाचं बोलू. विमा कंपनीवर नियामक आहे. तो पूर्वीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा चार वर्षांवरून तीनवर आणतो, सलग पाच वर्षं हप्ते भरल्यावर फसवणुकीखेरीज दुसऱ्या कारणाने माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येणार नाही असं बजावतो. चांगले नियम आहेत. पण कंपनी ज्या रुग्णालयाला पैसे देते, त्याने एका रात्रीच्या आयसीयूचे किती लावावेत यावर एरवी कुणाचा अंकुश नाही. बिल वाढलं की दावा वाढतो, दावा वाढला की हप्ता वाढतो. कंपन्यांना मी साधू ठरवत नाही. एजंटचं कमिशन, ऑफिसचं भाडं यांवर भरलेला जीएसटी पूर्वी वळता करून घेता यायचा, आता येत नाही, आणि तो बोजाही कुठून तरी वसूल होणारच. पण मोठं भोक रुग्णालयाच्या बिलात आहे.

"खाजगी रुग्णालयाचे दर सरकार कसे ठरवणार?" असं मला ऑफिसात विचारतात. ठरवले होते. मे २०२० मध्ये, कोविडच्या धास्तीत, महाराष्ट्र सरकारने खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर एका अधिसूचनेने बांधले: साध्या वॉर्डला रोजचे ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. सगळ्यांनी ते पाळले असं नाही, बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमावे लागले. पण राज्य बुडालं नाही, डॉक्टर देश सोडून गेले नाहीत. साथ ओसरली आणि ती इच्छाशक्तीही ओसरली. पुढे जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत सुधारणा झाली. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. तुमच्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये ती पाटी तुम्ही कधी पाहिलीत? मी शोधली. आमच्या भागातल्या चार ठिकाणी गेलो, एका ठिकाणी सापडली, तीही कपाटामागे.

आता सरकारी योजनेचं. १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. पांढरं कार्डसुद्धा चालतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, खाजगी विमा असला तरीही. हे फुकटचं दान नाही, आपल्या कराचा पैसा आहे, घ्यायलाच हवा. पण कार्ड म्हणजे रुग्णालय नव्हे. माझ्या चुलतभावाच्या छातीत मध्यरात्री कळ आली. तो रिक्षा चालवतो, पॉलिसी नाही, केशरी कार्ड आहे. घरापासून दहा मिनिटांवरचं रुग्णालय योजनेच्या यादीत नव्हतं. "आधी डिपॉझिट भरा." पन्नास हजार रात्रीच्या दोन वाजता उभे केले, कसे ते तुम्हाला ठाऊक आहे: व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड टाकून.

वसईचं डी. एम. पेटिट आणि नालासोपाऱ्याचं तुळींज रुग्णालय, ही महापालिकेची नावं आपल्याला पाठ आहेत. २०११ च्या जनगणनेतच या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती, आज ती किती असेल हे विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्याला विचारा. जरा गंभीर झालं की रुग्ण मुंबईकडे निघतो. जुलै २०२५ च्या शेवटी पालघरहून मुंबईला नेली जाणारी एक जखमी बाई महामार्गाच्या कोंडीत अडकली आणि वाटेतच गेली. तिच्या पाकिटात कुठलंही कार्ड असतं, तरी ॲम्ब्युलन्स पुढे सरकली नसती.

आता आपल्या समजुती.

पहिली: "विमा हरामच आहे, मग हप्त्याची चिंता कशाला?" ज्यांचा हा प्रामाणिक अकीदा आहे त्यांचा मी आदर करतो. मलेशियाने १९८४ मध्येच तकाफुलचा कायदा केला, परस्पर मदतीच्या तत्त्वावर. पण जो विमा घेत नाही, त्याला तर सरकारी रुग्णालयाची गरज माझ्याहून जास्त आहे. मग त्या मागणीत तो सगळ्यात पुढे का दिसत नाही? भाषणांत आपण बिमारिस्तानांचा अभिमान मिरवतो. कैरोमध्ये सुलतान कलाऊनने १२८४ च्या सुमारास वक्फवर चालणारं, फुकट इलाज करणारं रुग्णालय बांधलं, हे खरंच आहे. पण कैरोचा अभिमान आणि तुळींजच्या रिकाम्या पदांबद्दल चकार शब्द नाही, याला काय म्हणायचं?

दुसरी: "जमात आहे ना." आहे. भावाच्या वेळी जमातच धावली, हे मी विसरणार नाही. पण जुम्म्याला झोळीत पडलेला पैसा शेवटी जातो कुठे? ज्याचे दर कुणी विचारत नाही, त्या बिलात. आपली जकात विनालगाम बिलं भरण्यात खर्च होते आणि त्याच वेळी एखाद्या मुलीच्या नर्सिंगच्या फीला पैसे उरत नाहीत.

तिसरी माझ्यासारख्यांची: "कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स आहे." नोकरी आहे तोवर. ज्या दिवशी एचआरचा मेल येतो, त्या दिवशी तेही संपतं. माझ्या टीममधल्या दोघांनी गेल्या वर्षी हे भोगलं. आणि करमाफी वैयक्तिक पॉलिसीला आहे, ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के अजून आहेच.

मग पॉलिसी सोडायची का? अजिबात नाही. अब्बांची मी भरली. इतक्या वर्षांच्या हप्त्यांनी मिळवलेलं संरक्षण या वयात सोडणं वेडेपणा आहे. पण हप्ता भरला म्हणजे कर्तव्य संपलं, हे मी आता मानत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोक आपल्या खिशातून भरत होते. त्या खिशांत तुमचा-माझाही आहे.

आपल्या महापालिकेवर २०२० पासून पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता, विचारायला नगरसेवकच नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता आहे. प्रचारात तो मोहल्ल्यात चहा पिऊन गेला, आता आपण त्याच्याकडे जायचं. तीन प्रश्न घेऊन: प्रभागातल्या किती शुश्रूषागृहांत दरपत्रक लावलंय आणि पालिकेने किती तपासली? इथली कोणती रुग्णालयं फुले योजनेत आहेत, आणि बाकीची का नाहीत? पेटिट आणि तुळींजमधली किती पदं रिकामी आहेत? उत्तर टाळलं तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. शेजारच्या कोळीवाड्यातला, चाळीतला, चर्चमागच्या वाडीतला माणूसही हेच हप्ते भरतो. त्याची सही आपल्या सहीखाली असू द्या.

मी माझा अर्ज लिहून ठेवला आहे. पुढच्या जुम्म्याला कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी झोळी फिरेल, तेव्हा पैसे टाकाच. मग मशिदीच्या दारात दोन मिनिटं थांबा. मी कागद-पेन घेऊन तिथेच उभा असेन.